चैत्रातली पिओनी

।। श्री ।।

देशपांडे नगर, हुबळी
१२ ऑक्टोबर १९९७

चि. सौ. जयास,

इंदुअक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही.

बेळगावच्या मंडळींनी रेश्माला नकार कळवला. साखरपुड्याची तारीख धरून झाली होती, ह्यांनी दुकानात पेढेसुद्धा वाटले होते. कारण काय, तर म्हणे पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवली, जमत नाही. ह्यांना ते पटलं. मला पटलं नाही. मी शहापूरच्या मामींना मध्ये घातलं आणि खरं कारण काढून घेतलं. मुलीला फिट येते, तोंडाला फेस येतो, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंय. कुणीतरी म्हणजे केलगेरीच्या आमच्या कौसल्यावन्सं. ह्यांची चुलतबहीण, दर दिवाळीला माझ्या हातची भाऊबीज जेवून जाणारी. पुढचं ऐक. महिन्याच्या आत त्याच मुलाशी वन्संच्या धाकट्या जावेच्या मुलीचं जमलंसुद्धा.

रेश्मा लहानपणी एकदा वन्संच्या अंगणात उन्हात चक्कर येऊन पडली होती, तुला आठवत असेल. गोवरातून नुकती उठली होती पोर. तेवढ्या भांडवलावर बाईनं एवढा इमला रचला. मी जाऊन जाब विचारला तर म्हणाल्या, वहिनी, मी कशाला बोलू, लोकच काहीबाही बोलतात. हे म्हणतात, सोड, रक्ताचं नातं आहे. मी सोडणार नाही. चार बायकांसमोर तिच्या तोंडून काढून घेईन की मी खोटं बोलले. मगच माझा जीव निवेल.

आता कामाचं. चार वर्षांपूर्वी वन्सं तुझ्याकडे शिमल्याला आल्या होत्या, तेव्हा तुझ्या शेजारच्या बागेत कसलं फूल बघून वेड्या झाल्या होत्या ते कळव. मरायच्या आधी हे एक माझ्या अंगणात फुललं पाहिजे, असं अजून सांगत फिरतात. दोनदा रोपं मागवली, दोनदा वाळली. शेवंती, जरबेरा, गुलाब सगळं त्यांच्या हाताला येतं, हे एकच येत नाही. ते मला पाहिजे. माझ्या दारात.

वसंतरावांना नमस्कार. माझ्यावर लोभ असू दे, आणि थोडा राग वन्संवर.

तुझी
इंदुअक्का

---

शिमला
६ नोव्हेंबर १९९७

ती. सौ. इंदुअक्कास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. तुझं पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आपली रेश्मा काय सोन्यासारखी पोर! तिला म्हणावं, बरं झालं, कान इतके हलके असलेल्या घरात पडली नाहीस.

त्या फुलाचं नाव ट्री पिओनी. साधी पिओनी जमिनीतून दरसाल नवी येते, हिला मात्र काष्ठ असतं, कमरेएवढं झुडूप होतं. फूल आपल्या जेवणाच्या ताटलीएवढं, पाकळ्या जुन्या रेशमी लुगड्यासारख्या मऊ. वन्सं ते बघून उन्हात तासभर उभ्या होत्या, चहा निवला तरी हलल्या नाहीत. तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं होतं.

पण अक्का, ती हुबळीत यायची नाही. ह्यांची नोकरी बागखात्यातली, म्हणून मी विचारून घेतलं. हिला पानं झडल्यावर दोन-अडीच महिने कडक थंडी लागते. थंडी मिळाली नाही तर झाड मरत नाही, नुसतं पानं काढत बसतं, कळी धरत नाही. वन्संची दोन तर पाणी जास्त घालून गेली असणार. तुझ्या हट्टापुढे माझं चालत नाही हे मला परकरी वयापासून ठाऊक आहे, म्हणून दोन कलमं पाठवते. ह्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ सुटीवर धारवाडला जाताहेत, त्यांच्याबरोबर येतील. कुंडीत लाव, सावलीत ठेव, पाणी हात राखून घाल.

आणि एक सांगू? रेश्मासाठी दुसरं स्थळ बघायला लाग. वन्संचा हिशोब देवावर टाक. दाजींना नमस्कार, रेश्माला पापा. मी लांब आहे म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझी
जया

---

हुबळी
१४ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. जयास आशीर्वाद.

तुझी दोन्ही कलमं वर्षभर जगली. उन्हाळ्यात मी त्यांना न्हाणीघराच्या मागच्या गारव्याला ठेवलं होतं. पानं भरपूर, कळी मात्र एक नाही, तू म्हणालीस तसंच. मी रोज सकाळी बघायची आणि रोज माझं डोकं फिरायचं. आपल्या गावाला थंडी म्हणजे काय, तर डिसेंबरात सकाळी स्वेटर आणि दहाला पंखा.

पण अगं, उत्तर घरातच होतं. हायवेवर नवं कोल्ड स्टोरेज झालंय, माहीत आहे ना? ह्यांची ब्याडगी मिरची तिथंच असते. रंग उडू नये म्हणून पोती वर्षवर्ष तिथं गार पडून राहतात. परवा ह्यांच्याबरोबर आत गेले आणि दातावर दात वाजायला लागले. तिथंच मला तुझं पत्र आठवलं. मी ह्यांना म्हटलं, पोत्यांच्या बाजूला माझी एक कुंडी ठेवा. ह्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, तिथला मॅनेजर मला वेड्यात काढेल. मी म्हटलं, तुमच्या बहिणीनं मुलीला वेड्यात काढलं तेव्हा कुठं गेला होता कपाळाचा हात? मग स्वतःच मॅनेजरशी बोलून आले.

तर काल एक कुंडी गेली. पानं काढली, ओल्या गोणपाटात गुंडाळली. तिथला वॉचमन बाळाप्पा आठवड्यातून एकदा गोणपाट ओलं करील. मिरचीच्या खाटानं शिंकत शिंकत मला विचारत होता, गोणपाटातली ही अव्वा, म्हणजे म्हातारी, आजारी आहे का म्हणून. मी म्हटलं, होय रे, औषध चालू आहे.

दुसरी कुंडी मुद्दाम घरीच ठेवलीय. तिचा उपयोग मी वेगळा योजलाय. रेश्मा शाळेत शिकवायला लागली, नववीला विज्ञान. दोन स्थळं आली आणि चहा पिऊन गेली, पुढे काही नाही. प्रत्येक वेळी मला वन्संचा चेहरा दिसतो.

तुझ्या मनात माझी जागा उबदार असू दे, इथं मी थंडीच्या मागे लागलेय.

इंदुअक्का

---

हुबळी
२ एप्रिल १९९९

चि. सौ. जयास आशीर्वाद, आणि साखर तुझ्या तोंडात!

फुलली. तीन फुलं. फोनवर तुला बातमी दिली खरी, पण एसटीडीच्या मिनिटांत मनासारखं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

फेब्रुवारीत कुंडी बाहेर काढली, उत्तरेच्या पडवीत ठेवली आणि आठ-दहा दिवसांत तांबडे कोंब दिसायला लागले. मी नेमकं चैत्रगौरीचं हळदीकुंकू साधलं. गौरीच्या झोक्यापुढे आरास केली. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाचं कमळ, आणि मधोमध ती कुंडी. गुलाबी फुलं, आत गडद. सगळ्या देशपांडे नगरातल्या, लॅमिंग्टन रोडवरच्या बायका बोलावल्या होत्या, आणि केलगेरीहून वन्संना आणायला आमची गाडी पाठवली होती. न येऊन सांगतात कुणाला?

दारात आल्या आणि चप्पल काढायच्या विसरल्या. जया, ते तोंड बघायला तू हवी होतीस. हात पुढे करून पाकळीला लावला आणि मागे घेतला. मग हळूच म्हणाल्या, वहिनी, कसं केलंत? मी म्हटलं, हाताचा गुण. सगळ्या बायका निघाल्यावर त्या मागे रेंगाळल्या आणि एक फांदी तरी द्या म्हणाल्या. मी काय केलं असेन? घरची दुसरी कुंडी उचलून त्यांच्या ओटीत दिली. त्यांचे डोळे भरले. थंडीचा शब्दही काढला नाही मी. आता घालू दे पाणी, मोजू दे पानं. फूल यायचं नाही, झाड मरायचं नाही. जन्मभर पुरेल एवढी आशा मी तिच्या पदरात बांधलीय.

आणि ज्या ज्या बाईनं विचारलं की हे झाड कशासाठी एवढ्या जिद्दीनं आणलंत, तिला तिला मी सगळं सांगितलं. बेळगावचं, फिटचं, फेसाचं, सगळं. कळू दे लोकांना, बाई कशी आहे ती.

माझ्या आनंदात तुझा वाटा आहे, तो मागून घे.

इंदुअक्का

---

शिमला
२० एप्रिल १९९९

ती. सौ. इंदुअक्कास सादर नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी मी खूप हसले, मग ह्यांना वाचून दाखवलं तर ह्यांना हसू येईना. म्हणाले, तुझी बहीण मला शत्रू म्हणून कधीच नको. मीही मग जरा विचारात पडले.

अक्का, फूल दाखवलंस, जिरवलीस, इथवर ठीक. पण ते झाड देऊन तू त्यांना रोज उठून वाट बघायला लावलंस. मला तुझी भीती वाटली म्हटलं तर रागावू नकोस. दुसरं असं, की बायकांना तू फिटची गोष्ट सांगत सुटलीस. गोष्ट कुणाची, ते लोक विसरतात, गोष्ट तेवढी राहते. निदान रेश्माचं नाव न घेता सांग.

रेश्माला उन्हाळ्यात माझ्याकडे पाठव. तिला डोंगर दाखवीन आणि तुझ्या तावडीतून महिनाभर सोडवीन. रागावलीस तरी पत्र पाठव, रागावलेलं चालेल.

जया

---

हुबळी
१८ डिसेंबर २००२

ती. सौ. जयामावशीस,

रेश्माचा साष्टांग नमस्कार. आईला न सांगता लिहिते आहे. घरात फोन हॉलमध्ये असतो आणि आई हॉलमध्ये असते.

मावशी, आमच्या शाळेत गणिताला प्रसादसर आहेत. गदगचे. वडील नाहीत, आई तिथं राहतात. दोन वर्षं आम्ही डबा एकत्र खातो. गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणाले. त्यांच्या आई, सरस्वतीबाई, शाळेत येऊन मला बघून गेल्या. साध्या आहेत, जुन्या वळणाच्या आहेत, त्यांना मी आवडले. तीस वर्षांच्या मुलीला कुणी प्रेमानं हाताला धरून जवळ बसवलं, याचं मला रडू आलं. आईअप्पांना हे तू सांगशील का? तुझ्या तोंडून गोड लागेल.

आणखी एक. दर चैत्रात आमच्या पडवीत ती पिओनी फुलते आणि दर चैत्रात मी चिवडा देत फिरत असते, तेव्हा आई आलेल्या नव्या बायकांना माझी फिट सांगत असते. न आलेली फिट. बायका ऐकतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी आईला दोनदा सांगितलं. ती म्हणते, मी तुझ्यासाठीच भांडते आहे. कौसल्याआत्या बिचारी गेल्या वर्षी मला बाजारात भेटली. तिनं त्या झाडापायी शेवंतीचे वाफे सोडून दिलेत. सुना हसतात म्हणाली. मला तिचा राग यायला हवा, पण आता तेवढा येत नाही.

तू आईला समजाव. माझ्यावर तुझी सावली आहे, ती अशीच राहो.

तुझी
रेश्मा

---

हुबळी
९ मार्च २००३

चि. सौ. जयास भरभरून आशीर्वाद.

तुझा फोन आला त्या दिवसापासून घरात सण आहे. प्रसाद येऊन गेला. काळासावळा, उंच, बोलतो कमी. ह्यांना तो इतका पसंत पडला की जाताना मिरची पावडरचं पाच किलोचं पाकीट त्याच्या हातात दिलं, आणि एकट्या पोरानं त्याचं काय करायचं याचा विचार केला नाही. वैशाखात लग्न धरू म्हणतात. जया, माझी इतक्या वर्षांची टोचणी आता निघेल.

आणि देव देतो तेव्हा दोन्ही हातांनी देतो बघ. परवा कौसल्यावन्सं आपल्या पायांनी आल्या. वाळल्यात. चार वर्षं त्यांच्या झाडाला नुसतं पान. खतं झाली, शेणकाला झाला, दृष्ट काढून झाली. म्हणाल्या, वहिनी, तुम्ही काहीतरी करता आणि मला सांगत नाही, एवढं कळलंय मला. काय हवं ते मागा. एवढी वर्षं ह्या एका वाक्याची मी वाट बघत होते. मी म्हटलं, सांगते, पण गौरीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, रेश्माबद्दल मी बेळगावला जे सांगितलं ते खोटं होतं. त्या मग हो म्हणाल्या.

सरस्वतीबाईंना मी स्वतः गदगला जाऊन आमंत्रण देऊन आलेय. होणाऱ्या विहीणबाईंनी पहिल्या रांगेत बसून ऐकावं, माझ्या मुलीवरचा डाग त्यांच्या डोळ्यांदेखत धुऊन निघावा. तू फोनवर म्हणालीस तसं मी आता नव्या कुणाला काही सांगत नाही. आता सांगायची पाळी त्यांची.

कैरीची डाळ तुझ्या वाटची मी खाईन. तिकडून माया पाठवत राहा.

इंदुअक्का

---

हुबळी
२८ एप्रिल २००३

चि. सौ. जयास आशीर्वाद.

तीन वेळा फोन केलास आणि तीनही वेळा मी ह्यांना घेऊ दिला. रेश्मा दार लावून बसते, हे माझ्याशी बोलत नाहीत. लिहून सांगते.

हळदीकुंकवाला घर भरलं होतं. सरस्वतीबाई पहिल्या पाटावर, मांडीवर डाळीची वाटी. मी वन्संना खूण केली. त्या उठल्या. मला वाटलं होतं एक वाक्य बोलतील, मान खाली घालतील, संपेल. पण बाई खरं बोलायला उभी राहिली होती, आणि तिनं सगळं खरं सांगितलं. म्हणाल्या, रेश्माला फिट येते असं मी बेळगावला सांगितलं. माझ्या पुतणीसाठी सांगितलं. पोर लहानपणी माझ्या अंगणात पडली होती, डोळे पांढरे झालेले मी ह्या डोळ्यांनी बघितले. फेस मात्र आला नव्हता, फेस मी पदरचा घातला. मला क्षमा करा. आणि रेश्माच्या पायाला हात लावायला वाकल्या. रेश्मा मागे सरली, हातातलं पन्ह्याचं तबक सांडलं.

मी त्या वेळी काय करत होते, सांगू? मी बायकांच्या तोंडाकडे बघत होते. जिंकल्यासारखी. निम्म्या जणींना हे कशाबद्दल चाललंय तेच कळत नव्हतं. मग माझी नजर सरस्वतीबाईंकडे गेली. त्यांनी वाटी खाली ठेवली होती. त्यांना ह्यातलं आजवर काहीएक माहीत नव्हतं, जया. गदगला कोण सांगायला गेलं होतं? त्यांनी ऐकलं ते एवढंच, की मुलगी पडली होती आणि डोळे पांढरे झाले होते. कुंकू लावून घेतलं, ओटी घेतली, हसून निघाल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला. लग्नाला ना नाही, फक्त मेंदूच्या डॉक्टरांकडून तपासून तसा कागद आणावा, म्हणजे माझ्या जिवाला घोर नको.

प्रसाद धावत आला. म्हणाला, आईच्या समाधानासाठी एवढं कर, मला कागद नको आहे. रेश्मा म्हणाली, जो आजार मला कधी झाला नाही, तो नाही असा दाखला मी घेऊन येणार नाही. आज कागद द्यायचा, उद्या तुमच्या घरात मला शिंक आली तरी सगळे माझ्या डोळ्यांकडे बघतील. तो मग उठून गेला. त्यानं शाळा सोडली नाही, हिनं सोडली. बेंगळूरला नोकरी धरलीय, परवा निघते.

वन्संना कळलं तेव्हा त्या कुणाला न विचारता बस धरून गदगला गेल्या. सरस्वतीबाईंपुढे हात जोडले, शपथा घेतल्या. त्या माऊलीनं शांतपणे विचारलं, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय, हे मी कशावरून ओळखू? तिथून वन्सं सरळ माझ्याकडे आल्या आणि पायरीवर बसून रडल्या. मी आत ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्यांना थंडीचं कबूल केलं होतं, ते सांगायचं राहूनच गेलं आणि त्यांनीही विचारलं नाही.

माझा त्यांच्यावरचा राग अजून संपला नव्हता. मी रेश्माला म्हटलं, बघ, शेवटी त्या बाईनं तुझं दुसऱ्यांदा मोडलं. रेश्मा बॅग भरत होती. हातातली साडी खाली ठेवून माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, आई, आत्यानं ती गोष्ट एकदा सांगितली, एका घरात. तू सगळ्या हुबळीला सांगितलीस, दर चैत्रात, आणि ह्या खेपेला माझ्या सासूला आमंत्रण देऊन बोलावून ऐकवलीस.

मी तिच्या थोबाडीत मारायला हात उचलला होता. तो तसाच राहिला.

जया, सूड कसा उगवायचा ते मला इतकं नीट येतं. कुठं दुखेल, किती दिवस दुखेल, सगळं मला कळतं. आता तो कुणावर उगवू? तू माझी बहीण आहेस, तूच सांग. ह्या घरात तर मला मी एकटीच दिसते.

लोभ ठेव म्हणायला मला आज तोंड नाही. तरी ठेव.

इंदु